खारातली सगुणा

निवृत्त झाल्यापासून मला एक प्रश्न वरचेवर विचारला जातो. "मॅडम, तुम्ही नक्की करायचात काय?" भिवंडीत सूक्ष्मजीवशास्त्र शिकवून आयुष्य काढलेल्या बाईला हा प्रश्न नवा नाही. विभागाच्या दारावर पाटी होती आणि तिचा अर्थ गावानं आपापल्या परीनं लावला होता. कुणी बाटलीत लघवी घेऊन यायचं, कुणी बोअरिंगचं पाणी. एकदा एक गृहस्थ ताडीचं मडकं घेऊन आले. विकणारा ताडीत पावडर मिसळतो असा त्यांना संशय होता आणि तो मी लेखी सिद्ध करून द्यावा अशी इच्छा. बाकीच्यांना मी दवाखान्याचा रस्ता दाखवला, पण ताडीवाल्यांना खुर्ची दिली. विद्यार्थ्यांना यीस्ट दाखवायला ताडीइतकी सोपी वस्तू नाही.

त्यामुळे दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिहायचं ठरलं तेव्हा असले पुष्कळ किस्से हाताशी होते. पण लिहायला बसले आणि कशेळीच्या हौसाबाई समोर येऊन बसल्या. त्या हलेनात. तेव्हा त्यांचंच लिहिते. त्यांनी आणि मी मिळून एका जिवाणूचं बारसं केलं होतं.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. कशेळीच्या खाडीलगत तेव्हा अजून खारी शेती होती. खार म्हणजे खाडीच्या काठाची खारट जमीन. भरतीचं पाणी आत घुसू नये म्हणून मातीचा बांध घालायचा, आतलं पाणी ओहोटीला बाहेर सोडायला बांधात दार ठेवायचं, त्याला उघाडी म्हणतात. पावसानं जमिनीचा खारटपणा थोडा उतरला की मोड आलेलं भात नुसतं चिखलावर फेकायचं. राब भाजून रोपं करणं नाही, लावणी नाही. याला रहू म्हणतात. असल्या जमिनीत दुसरं काही टिकत नाही, पण रत्ता नावाचं लाल भात टिकतं. ते कसं टिकतं, हा माझा प्रश्न होता. त्याचं थोडंसं उत्तर मुळांच्या आत राहणाऱ्या जिवाणूंत असेल अशी मला शंका होती.

पहिल्यांदा मी शेतात उतरले ती सलवार गुडघ्यापर्यंत ओढून, आणि दुसऱ्याच पावलाला चिखलात बसले. बांधावरून हसण्याचा आवाज आला. काष्टा घातलेली, साठीकडे झुकलेली, कपाळ मोकळं असलेली एक बाई पोट धरून हसत होती.

"अगो बाय, निवट्या पकराला आलीस का?"

निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात सरपटणारा लहानसा मासा. मी म्हटलं, "नाही मावशी, भाताची मुळं न्यायला आलेय."

"मुलं? दाने सोरून मुलं?" त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "नवरा हाय ना बरा?"

नवरा बरा आहे, नोकरीसुद्धा बरी आहे, असं सांगून मी माझं काम समजावलं. माणसाच्या पोटात जंतू असतात, तसे भाताच्या मुळातही असतात, त्यातले काही उपकारी असतात वगैरे. हौसाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि स्वतः आत उतरून मला रोपं उपटून दिली. मी ती ओल्या गोणपाटात गुंडाळली.

"उन्हात ठेवायची नाहीत मावशी. आतले जीव मरतात."

हे वाक्य मी त्यांना पुढे इतक्या वेळा ऐकवलं की शेवटी त्याच मला ऐकवू लागल्या.

आता आमचा धंदा थोडक्यात सांगते. मुळं आणली की ती आधी स्वच्छ धुवायची. मग ब्लीच आणि अल्कोहोलमध्ये बुडवायची, म्हणजे बाहेरून चिकटलेले सगळे मरतात. शेवटच्या धुण्याचं पाणी प्लेटवर, म्हणजे जंतूंचं खाद्य ओतलेल्या चपट्या डबीत, टाकून बघायचं. त्यात काही उगवलं तर सगळं पुन्हा. काही उगवलं नाही, तरच मूळ ठेचून त्याच्या रसाचा थेंब तशाच प्लेटवर पसरायचा. मग जे उगवतं ते मुळाच्या आतलं. आमच्या प्लेटवर एक फिकट केशरी ठिपका उगवला. खाद्यात मीठ घातलं तर तो वाढायचा, मीठ काढलं तर रुसून बसायचा.

तो कोण, हे शोधायला वर्ष गेलं. जिवाणूला चेहरा नसतो. हजार जातींचे जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली एकसारख्या काड्या दिसतात. मग तो कोणती साखर खातो, किती मीठ सोसतो, त्याच्या अंगात कोणती चरबी आहे, हे एकेक तपासायचं. त्याच्या जनुकाचा एक ठरावीक तुकडा वाचून घ्यायचा आणि जगभरच्या नोंदींशी ताडून पाहायचा. आमच्या ठिपक्याचं कूळ सापडलं. त्या कुळात त्याच्यासारखा दुसरा मात्र सापडेना. ज्यांच्या हाताखाली मी पीएच.डी. केली ते पुण्याचे सर फोनवर म्हणाले, "बाई, नवी जात दिसते. पण एका वर्षाच्या नमुन्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. त्याच शेतातून पुन्हा मिळवून दाखवा."

त्याआधी त्याला जिवंत ठेवायचं होतं. आणि तेव्हाची भिवंडी म्हणजे लोडशेडिंग. कापडाचे लूम थांबले की अख्ख्या गावाला एकदम बहिरेपण आल्यासारखं वाटायचं, आणि आमचा डीप फ्रीझरही थांबायचा. मासळीबाजारातून बर्फ आणून मी थर्माकोलची खोकी भरत असे. साडीला बोंबलाचा वास घेऊन लेक्चर देणारी मी भिवंडीतली एकमेव प्राध्यापिका असेन. एके दिवशी कॉलेजमागच्या सायझिंगचे, म्हणजे सुताला खळ देण्याच्या कारखान्याचे, मालक अन्सारीभाई स्वतः आले. त्यांच्याकडे जनरेटर होता.

"मॅडम, आपका फ्रीज हमारे यहाँ रख दो. करते क्या हैं ये आपके कीड़े?"

"चावल की जड़ में रहते हैं भाईजान. पौधे को नमक से बचाते हैं, ऐसा लगता है."

"तो शरीफ लोग हैं," अन्सारीभाई म्हणाले आणि फ्रीझरला स्वतःच्या ऑफिसात, आपल्या खुर्चीशेजारी जागा दिली. त्यांच्याकडे येणारे व्यापारी त्याला कुल्फीचा फ्रीझर समजत.

पुढच्या पावसाळ्याआधी मी कशेळीला गेले तेव्हा हौसाबाईंच्या शेजारच्या शेतांत मुरुमाचे ढीग पडले होते. शेजारच्या पूर्णा गावाच्या बाजूला गोदामं कधीच उभी राहिली होती, ती आता खाडीकडे सरकत होती. हौसाबाईंच्या दिराचा मुलगा जनार्दन बांधावर उभा राहून फोनवर बोलत होता. गळ्यात चेन, पायात पांढरे बूट, चिखलात ते पांढरे कसे राहत कोण जाणे. माणूस वाईट नव्हता. मला खुर्ची मागवली, थंडाही मागवला.

"मॅडम, पार्टी तयार आहे. भराव टाकायचाय. काकीची सही तेवढी बाकी आहे. हवं तर तुमच्या किड्यांना एक गाळा देतो आपण, एसी लावून!"

मी हसले खरी. हे शेत गेलं तर माझा ठिपका प्लेटवरचा एक अनाथ ठिपकाच राहणार होता. मी हौसाबाईंच्या ओटीवर जाऊन बसले आणि आडपडदा न ठेवता मागितलं, "मावशी, अजून एकच वर्ष रत्ता पेराल?"

त्या सुकट निवडत होत्या. "तुजा तो जंतू हाय त्याचं काय करनार तू?"

"त्याला नाव देणार. तो जगात नवा आहे. नाव दिल्याशिवाय त्याला कोणी मोजत नाही."

"नाव कोन ठेवतं? आत्या?"

"ज्याला सापडतो तो ठेवतो."

हौसाबाईंचे हात थांबले. मग खाली बघतच म्हणाल्या, "मना मूल न्हाय जालं. भावाला पाच पोरं जाली. पाची येला मी आत्या. पन पालन्याला हात न्हाय लावू दिला मना. वांजेचा हात नको म्हनाले. धाकट्या भयनीनं नावं ठेवली, मी आपली घुगऱ्या वाटत फिरली." त्यांनी सूप बाजूला केलं. "पेरतंय मी रत्ता. पन नाव मी ठेवीन."

मी हो म्हटलं. विज्ञानाच्या कुठल्या नियमात ते बसेल याचा त्या क्षणी विचारही केला नाही.

जनार्दननं खूप आदळआपट केली, पार्टीला पुढचा मुहूर्त सांगितला आणि शेवटी स्वतःच बांध दुरुस्त करून दिला. हौसाबाईंनी रहू टाकला. आजूबाजूला मुरुमाचे ढिगारे आणि मध्ये तो एकच हिरवा तुकडा. भात पोटरीला आलं तेव्हा त्यांनीच निरोप धाडला. मी गेले तर रोपं उपटून, ओल्या गोणपाटात गुंडाळून, वर केळीचं पान झाकून तयार.

"उनात न्हाय ठेवली," त्या म्हणाल्या.

फिकट केशरी ठिपके पुन्हा उगवले. एका रोपातून नव्हे, तपासलेल्या बहुतेक रोपांतून उगवले. प्रयोगशाळेत मी एकटीच होते, आणि मोठ्यानं हसले.

बारसं प्रयोगशाळेतच झालं. हौसाबाई जरीच्या काठाचं लुगडं नेसून, डबाभर घुगऱ्या घेऊन रिक्षानं आल्या. आमच्याकडे आत खायला बंदी, म्हणून घुगऱ्या स्टाफरूममध्ये ठेवल्या. मी इन्क्युबेटरमधून प्लेट काढली, झाकणाच्या कडेला पट्टी चिकटवून बंद केली आणि त्यांच्या हातात दिली. ओंजळीत मावेल एवढी गोल, पारदर्शक डबी. त्यांनी ती आधी उजेडाकडे धरली.

"ही?"

"हीच."

"सांजच्या आभालाचा रंग हाय." मग त्यांनी दाराकडे पाहिलं. मी दार लोटून घेतलं. बाहेर जायला निघाले तर म्हणाल्या, "तू थांब. पालना धरायला कोन तरी पायजे." मी त्यांच्या हाताखाली हात धरले. हौसाबाई त्या प्लेटवर वाकल्या, झाकणाला ओठ लावतील इतक्या जवळ गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "सगुणा." आणि मग, आपल्याकडे आत्या करते तसं, "कुर्र!"

बोलीत प्रत्येक 'ण'चा 'न' करणाऱ्या बाईनं ते नाव मात्र स्वच्छ उच्चारलं होतं. ते त्यांनी मनात पुष्कळदा म्हणून पाहिलेलं असावं. आईचं नाव असेल असं मला वाटलं.

आम्ही लेख लिहिला. जिवाणूच्या नावाचा पहिला भाग कुळाचा, तो ठरलेलाच असतो. दुसरा आपण द्यायचा, लॅटिन वळणाचा. त्या जागी मी सगुणाचं नाव घातलं. सर नाराज झाले. त्यांना एका थोर संचालकांचं नाव द्यायचं होतं, ज्यांच्यामुळे पुढची ग्रँट सोपी झाली असती. मी म्हटलं, "सर, नाव ठेवून झालंय. बारसं दोनदा करत नाहीत." सरांचा स्वभाव तापट, पण न्यायी. ते म्हणाले, "ठीक आहे. पण परदेशी संपादक विचारतील ही कोण. तेव्हा उत्तर तुमचं तुम्ही द्या."

आणि तेच झालं. बाकी सगळं मान्य झालं. जिवंत नमुना दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवायचा नियम आहे, म्हणजे एका ठिकाणी काही बरंवाईट झालं तरी जात बुडत नाही. तेही आम्ही केलं. राहिला एकच प्रश्न. प्रत्येक नव्या नावाखाली त्याची व्युत्पत्ती लिहावी लागते, म्हणजे हे नाव कशावरून, कोणावरून. संपादकांनी विचारलं होतं, ही सगुणा कोण आणि हिचा या कामाशी संबंध काय?

मी कशेळीला गेले. हंगाम संपला होता, सही झाली होती, भराव हौसाबाईंच्या बांधापर्यंत आला होता. त्यांनी मला शेवटच्या रत्त्याच्या पिठाची भाकरी वाढली, लालसर, कडेला फाटलेली. भाकरी मोडता मोडता मी विचारलं, "मावशी, सगुणा तुमच्या आईचं नाव का?"

"न्हाय."

"मग कोण?"

"कोन न्हाय." त्या तव्याकडे बघत होत्या. "व्हनार व्हती. पोरगी जाली तर सगुणा ठेवू, असं आमी दोगांनी ठरवलेलं. ते गेले. पोरगी आलीच न्हाय. नाव मात्र ऱ्हायलं माज्यापाशी. वाया जायाला नको म्हनून तुला दिलं." मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चालत न्हाय का गो तसं?"

मी चालतं म्हणून सांगितलं, भाकरी संपवली आणि निघाले.

त्या आठवड्यात मी तो एका ओळीचा मजकूर कितीदा लिहून खोडला असेन! आमच्या शास्त्रात खोटं लिहायचं नाही, हे मी जन्मभर मुलांना शिकवलं. सगुणा नावाची मुलगी होती असं लिहिलं तर ते खोटं. नव्हती असं लिहायला माझा हात धजेना. तिला जगासमोर आणायचं आणि त्याच ओळीत पुसून टाकायचं, हे मला जमणारं नव्हतं. स्वतःला मूल असलेल्या मला ते जमत नव्हतं, तर त्या बाईनं आयुष्यभर ते कसं पेललं असेल याचाच विचार येत राहिला. शेवटी लिहिलं: 'सगुणा: ज्या शेतकरी स्त्रीच्या भातशेतीतून हा जिवाणू मिळाला, तिने आपल्या लेकीसाठी जपलेलं नाव.' त्यातला शब्दन्‌शब्द खरा होता. सरांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पाठवा."

छापलेला अंक आला तेव्हा मी तो घेऊन हौसाबाईंकडे गेले. इंग्रजी मजकूर मराठीत सांगितला.

"लेक लिवलंय?"

"हो."

"कुटं? बोट ठेव."

मी बोट ठेवलं. त्यांनी माझं बोट उचलून बाजूला केलं आणि तिथे आपलं ठेवलं. चुलीच्या राखेचा डाग त्या पानावर पडला, तो अजून आहे.

पुढची वर्षं कशी गेली ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. शेताच्या जागी निळ्या पत्र्याचं गोदाम आलं, उघाडी बुजली, रस्त्यावर कंटेनरची रांग लागली. अन्सारीभाईंनी लूम भंगारात विकले आणि ते मुलाकडे निघून गेले. मी निवृत्त झाले. रत्त्याच्या खाचरातला तो पाय ओढून घेणारा चिखल मला आजही आठवतो, आणि खरं सांगते, त्याच्यासाठी जीव तुटतो. कधीतरी त्या रस्त्यानं जाते तेव्हा गोदामाची लांबी डोळ्यांनी मापत मी हौसाबाईंचं खाचर नेमकं कुठे होतं ते शोधत बसते. सापडत नाही.

निवृत्तीनंतर काही काळानं मला परदेशातून एका तरुण संशोधिकेची ईमेल आली. आमचा नमुना तिनं संग्रहातून मागवला होता. वाळवून काचेत बंद केलेली ती पूड खाद्यात टाकली आणि दोन-तीन दिवसांत प्लेट केशरी झाली, असं तिनं आनंदानं कळवलं होतं. शेवटी लिहिलं होतं, की नावाची व्युत्पत्ती मी वाचली, फार आवडली. सगुणा आता मोठी झाली असेल. तिला सांगा, तिच्या नावाचा जिवाणू आमच्याकडे छान वाढतो आहे.

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. उत्तर लिहिण्याआधी रिक्षा केली आणि कशेळीला गेले.

हौसाबाई जनार्दनच्या नव्या बंगल्यात, खालच्या खोलीत होत्या. डोळे गेले होते, पण आवाज ओळखला. "बाय, तू?" मी शेजारी बसले, त्यांचा हात हातात घेतला आणि सांगितलं, "मावशी, परदेशातून निरोप आलाय. सगुणा तिकडे छान वाढतेय म्हणून कळवलंय."

त्या सावरून बसल्या. विज्ञान, संग्रह, प्लेट यातलं काहीच त्यांनी विचारलं नाही.

"जेवते ना गो नीट?"

"जेवते. पण जेवणात मीठ लागतं म्हणाले. मिठाशिवाय वाढत नाही."

"लागनारच," हौसाबाई म्हणाल्या. "खाडीवरची हाय ती." मग माझा हात घट्ट दाबला. त्यांच्या चेहऱ्यावर अगदी सासुरवाशिणीच्या आईची काळजी होती. "लिव त्यांना. उनात ठेवू नका म्हनावं."

घरी येऊन मी उत्तर लिहिलं. आईचा निरोप आहे, असं लिहिलं.